कागदाच्या गावाची वही

आमच्या नेपानगरात देशातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना उभा राहिला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा लगदा करून कागद निघे. त्यावर देशाच्या बातम्या छापल्या गेल्या; कागद करणाऱ्यांची हकीकत मात्र कागदावर फारशी उतरली नाही.

२०१६ साली नूतनीकरणासाठी थांबलेले उत्पादन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. यंत्रे नवी आली. दरम्यान गेलेले जुने कामगार आठवणी घेऊन गेले.

म्हणून मी वही घातली आहे. खानदेशातून आलेल्या वृद्धांचे बोलणे त्यांच्याच मराठीत उतरवतो, हिंदी शाळेत जाणाऱ्या नातवंडांना वाचून दाखवतो. वाचकहो, यंदा फराळाला बसताना घरच्या वडीलधाऱ्यांना एक तरी प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.