लू शुन याच्या जपानांतील विद्यार्थिदशेचीं साधनें

(१)

परदेशीं राहिलेल्या विद्यार्थ्याचें नित्याचें जीवन हा विषय इतिहासकाराच्या नजरेंत सहसा भरत नाहीं. तहनामे छापले जातात, वकिलांचे अहवाल दप्तरांत जपले जातात. परंतु भाड्याच्या खोलींत राहून परक्या भाषेंतील व्याख्यानें उतरून घेणाऱ्या मुलाची वही त्याच्या मागें रद्दींत जाते. असा मुलगा पुढें नांवारूपास आला तर तो उतारवयांत आठवणी लिहितो, आणि त्या आठवणींनाच लोक इतिहास समजूं लागतात. अशा आठवणींस बखरीची योग्यता द्यावी कीं अस्सल कागदाची, हा प्रश्न संशोधकापुढें नेहमींच उभा राहतो. आधुनिक चीनचा अग्रगण्य ग्रंथकार लू शुन (मूळ नांव चौ शूरेन, जन्म १८८१) हा १९०२ पासून १९०९ पर्यंत जपानांत विद्यार्थी होता. त्याच्या आठवणीही आहेत आणि सुदैवानें त्या काळचे कागदही उरले आहेत. हीं दोन्हीं साधनें एकमेकांशीं ताडून पाहिलीं असतां काय निष्पन्न होतें, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आठवणींपैकीं मुख्य दोन. पहिली म्हणजे त्याच्या पहिल्या कथासंग्रहास त्यानें १९२२ सालीं जोडलेली प्रस्तावना. दुसरी म्हणजे सेंदाई येथील आपल्या गुरूंवर १९२६ सालीं लिहिलेला 'फुजिनो सेन्सेइ' या अर्थाचा लेख. पहिली घटनेनंतर सुमारें सोळा वर्षांनीं व दुसरी सुमारें वीस वर्षांनीं लिहिलेली, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें. समकालीन साधनांत त्याच्या वैद्यकाच्या सहा वह्या, परीक्षेचे गुण आणि शाळेंतील कांचेचीं चित्रें हीं येतात.

(२)

लू शुन नानकिंग येथील खाणी व रेल्वे यांचें शिक्षण देणाऱ्या शाळेंतून उत्तीर्ण होऊन सरकारी खर्चानें निघाला, आणि एप्रिल १९०२ मध्यें योकोहामास उतरला. चीनचा १८९५ सालीं जपानकडून पराभव झाल्यावर, ज्यानें हरविलें त्याच्याच घरीं विद्या शिकावयास जावें हा विचार चिनी दरबारांत बळावला होता. १८९६ सालीं अवघे १३ विद्यार्थी गेले. दहा वर्षांच्या आंत ही संख्या कित्येक हजारांवर पोंचली. या विद्यार्थ्यांस भाषा व प्राथमिक विषय शिकवून तयार करण्यासाठीं जूदो विद्येचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनीं तोकियोंत कोबुन गाकुइन ही संस्था चालविली होती. लू शुन तेथें दोन वर्षें राहिला.

तेथील दिनक्रमाचा एक मासला त्यानें १९३५ सालीं जपानी भाषेंत लिहिलेल्या एका लेखांत दिला आहे. एके दिवशीं देखरेखीवरील अध्यापकांनीं सर्व मुलांस एकत्र करून सांगितलें कीं, तुम्ही सगळे कन्फ्यूशियसचे अनुयायी, तेव्हां ओचानोमिझु येथील त्याच्या मंदिरांत जाऊन वंदन करून या. ज्या जुन्या विद्येस कंटाळून आपण समुद्र ओलांडला, तिच्याच दारीं पुन्हां उभें केलें, हें पाहून तो चकित झाला.

डोक्यावरील वेणी हा त्या काळच्या चिनी विद्यार्थ्याचा मोठा प्रश्न होता. मांचू राजवटीच्या निष्ठेची ती खूण. ती कापणें म्हणजे राजद्रोहाची शंका ओढवून घेणें. कित्येक जण ती गुंडाळून टोपीखालीं दडवीत, त्यामुळें टोपीस उंच शिखर येई. उएनोच्या बागेंत चेरीचा बहर असतांना अशा शिखरधारी टोप्यांचे घोळके फिरत. लू शुन यानें त्यांस फुजी पर्वताची उपमा देऊन त्यांची थट्टा केली आहे. स्वतः त्यानें १९०३ सालीं वेणी कापली व तसें छायाचित्र काढविलें. कांडा भागांतील चिनी विद्यार्थ्यांच्या सभागृहांत सकाळीं नवीं पुस्तकें चाळावयास मिळत. पण सायंकाळीं तेथें नृत्याचे धडे चालून जमीन हादरे व धूळ उडे. या गोंगाटास विटून त्यानें जेथें चिनी विद्यार्थी नाहींत अशी जागा शोधली.

(३)

सप्टेंबर १९०४ मध्यें तो उत्तरेकडील सेंदाई येथील वैद्यकशाळेंत दाखल झाला. या प्रवासाचें त्याचें वर्णन साधनचिकित्सेच्या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. तो लिहितो कीं, तोकियोहून निघाल्यावर लवकरच निप्पोरी नांवाचें स्थानक लागलें व तें नांव आपल्या स्मरणांत राहिलें. त्यानंतर मितो हें गांव लक्षांत राहिलें, कारण मिंग घराण्याचा एकनिष्ठ पंडित चू शुन्श्वी हा तेथें परलोकवासी झाला.

आतां पाहूं. निप्पोरी स्थानक उघडलें तें एप्रिल १९०५ मध्यें. म्हणजे १९०४ च्या शरदांत जातांना तें त्यास दिसणें शक्य नाहीं. पुढें सुटींत सेंदाई व तोकियो यांमध्यें त्यानें ये-जा केली, त्या वेळचें दर्शन त्याच्या मनांत पहिल्या प्रवासास चिकटलें, हाच अर्थ संभवतो. त्या नांवाचीं अक्षरें 'दिवस मावळण्याचें गांव' अशा अर्थाचीं आहेत. एकटाच दूर उत्तरेस निघालेल्या तरुणाच्या मनांत तीं कां रुतलीं हें सांगावयास नको.

चू शुन्श्वीविषयींही तोच प्रकार. हा पंडित लू शुन याच्याच चेकिआंग प्रांतांतला. मिंग राज्य बुडाल्यावर तो १६५९ सालीं नागासाकीस आला. पुढें मितोचा अधिपति तोकुगावा मित्सुकुनी यानें त्यास गुरु म्हणून बोलाविलें, आणि मितोच्या इतिहासपंडितांवर त्याचा मोठा प्रभाव पडला. परंतु १६८२ सालीं तो वारला तो मितोंत नव्हे, एदोंत, म्हणजे आजच्या तोकियोंत, मितोकरांच्या वाड्यांत. त्याची समाधि मात्र मितोच्या उत्तरेस मितोकरांच्या कुलस्मशानांत आहे. लू शुन यानें समाधीचा प्रांत व मृत्यूचें ठिकाण एक केलें. गंमत अशी कीं, पुढें तो स्वतः तोकियोच्या ज्या होंगो भागांत राहिला, तेथून हें मृत्युस्थान जवळच होतें.

(४)

सेंदाई येथें तो पहिलाच चिनी विद्यार्थी होता. शाळेनें त्याची फी माफ केली, आणि अध्यापकांनीं त्याच्या राहण्याजेवणाची चौकशी ठेविली. प्रथम तो तुरुंगाजवळच्या एका खाणावळींत राहिला. डांस इतके कीं सर्वांग पांघरुणांत गुंडाळून, नाकापुरती वाट ठेवून तो निजे. नाकांतून सतत श्वास चालत असल्यानें डांसांस तेथें शिरकाव होत नसे, असें तो विनोदानें सांगतो. ती खाणावळ तुरुंगांतील कैद्यांचेंही जेवण करी. तेथें राहणें योग्य नव्हे असें एका अध्यापकांनीं वारंवार सांगितल्यावरून त्यानें जागा बदलली. नव्या जागीं मात्र रोज अळूच्या देंठांचें कढण त्याच्या वाट्यास आलें, आणि तें घशाखालीं उतरेना.

शरीररचनाशास्त्राचे एक अध्यापक फुजिनो गेन्कुरो (१८७४-१९४५) हे वेषाविषयीं बेफिकीर होते. गळपट्टा बांधावयास विसरत. हिंवाळ्यांत जुनाट डगला घालून आगगाडींत बसले असतां गाडीवानानें त्यांस खिसेकापू समजून उतारूंस सावध केलें, अशी कथा जुने विद्यार्थी सांगत. या गृहस्थांनीं लू शुन यास बोलावून विचारलें कीं, माझें व्याख्यान तुला उतरून घेतां येतें काय? वही मागून घेतली, आणि दोनतीन दिवसांनीं परत केली ती तांबड्या शाईनें पहिल्यापासून शेवटपर्यंत दुरुस्त करून. राहिलेलें भरलें होतें, एवढेंच नव्हे तर व्याकरणाच्या चुकाही सुधारल्या होत्या. पुढें दर आठवड्यास हा क्रम चालला. एकदां हाताच्या रक्तवाहिनीचें चित्र लू शुन यानें शोभेसाठीं थोडें सरकवून काढलें. तेव्हां गुरूंनीं समजाविलें कीं, शरीर जसें आहे तसेंच रेखाटलें पाहिजे, आपल्या आवडीप्रमाणें तें बदलतां येत नाहीं.

१९२६ सालीं हें लिहितांना लू शुन यानें हळहळ व्यक्त केली आहे कीं, या वह्या आपण बांधून जपल्या होत्या, परंतु घर हलवितांना वाटेंत पुस्तकांची एक पेटी फुटली व तींत त्या गेल्या. ऑक्टोबर १९३६ मध्यें तो वारला तो हीच समजूत घेऊन. परंतु १९५१ सालीं त्याच्या जन्मगांवीं, शाओशिंग येथें, परिचितांकडे ठेवलेल्या पुस्तकांच्या पेट्यांत या वह्या सांपडल्या. सहा बांधीव खंड. त्यांत शरीररचना, रक्तवाहिन्या, ज्ञानेंद्रियें, सूक्ष्मरचना, विकृति व सेंद्रिय रसायन हे विषय आहेत. आज त्या पेकिंग येथील लू शुन संग्रहालयांत आहेत. पानें उघडून पाहतां तांबड्या शाईच्या दुरुस्त्या खरोखरच आढळतात. म्हणजे वह्या कशा गेल्या याविषयीं ग्रंथकाराची स्मृति चुकली. वह्यांत काय होतें याविषयीं ती चुकली नाहीं.

(५)

याहून महत्त्वाचा पुरावा गुणांचा आहे. पहिल्या वर्षाच्या परीक्षेंत १४२ विद्यार्थ्यांत लू शुन याचा क्रमांक ६८ वा आला. त्यावर कांहीं सहाध्यायांस संशय आला कीं, फुजिनो यांनीं वहींत खुणा करून त्यास प्रश्न आधीं कळविले. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनीं येऊन वह्या चाळल्या, आणि पाठोपाठ पश्चात्ताप करण्यास सांगणारें निनांवी पत्र आलें. चीन दुर्बल, म्हणून चिनी माणूस मंद. त्यास साठांहून अधिक गुण स्वतःच्या बळावर मिळणें शक्यच नाहीं, हा त्यांचा तर्क असल्याचें लू शुन कडवटपणें नमूद करितो.

गुणांचा कागद काय सांगतो? नीतिशास्त्रांत ८३, आणि शरीररचनेंत, म्हणजे ज्या विषयांत प्रश्न फुटल्याचा आरोप होता त्याच विषयांत, ५९.३. सर्व विषयांत साठांच्या खालीं गेलेला हा एकच. आरोपाचें यापेक्षां सडेतोड खंडन कोणता वकील करील? आणि आश्चर्य हें कीं, हें खंडन खुद्द लू शुन यानें आपल्या लेखांत वापरलेलें नाहीं. तेथें केवळ स्मृतीवर विसंबलों तर गुरु-शिष्यांवरील किटाळ अर्धवटच दूर होतें; कागदानें तें समूळ नाहींसें होतें.

(६)

सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत विवाद्य प्रसंग कांचेच्या चित्रांचा. दुसऱ्या वर्षीं जंतुशास्त्राच्या तासास पडद्यावर चित्रें दाखवीत, व वेळ उरल्यास नुकत्याच संपलेल्या रूस-जपान युद्धाचीं दृश्यें दाखवीत. एका चित्रांत रूसचा हेर ठरविलेल्या चिनी माणसास जपानी सैनिक देहदंड देत आहेत, आणि भोंवतीं धट्टेकट्टे चिनी लोक निर्विकार उभे राहून पाहत आहेत. हें पाहून लू शुन याच्या मनानें घेतलें कीं, ज्या राष्ट्राचें मन बधिर झालें त्याचें शरीर सुदृढ करून उपयोग नाहीं. आधीं मन पालटलें पाहिजे, आणि त्याचें साधन वाङ्मय.

या प्रसंगाचे त्याचे स्वतःचेच दोन पाठ जुळत नाहींत. १९२२ च्या प्रस्तावनेंत त्या माणसाचा शिरच्छेद होणार आहे. १९२६ च्या लेखांत त्यास गोळी घालणार आहेत. सेंदाई येथील वैद्यक विभागांत १९६५ सालीं युद्धचित्रांच्या कांचा सांपडल्या. वीसांच्या संचांतील पंधराच उरल्या होत्या, व त्यांत हें दृश्य नाहीं. यावरून कित्येकांनीं प्रसंग कल्पित ठरविला. आमच्या मतें हा निर्णय उतावीळपणाचा आहे. पांच कांचा गहाळ असतां, उरलेल्यांत एक चित्र नाहीं म्हणून तें नव्हतेंच असें म्हणणें न्यायाचें नव्हे. उलटपक्षीं, त्या एका चित्रानें त्याच क्षणीं आयुष्याची दिशा बदलली, हेंही अक्षरशः घेऊं नये. निनांवी पत्राचा घाव आधीं बसला होता, आणि वाङ्मयाचा ओढा तर त्याच्याही आधींचा, कारण १९०३ सालींच त्यानें व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचें चिनी भाषांतर केलें होतें. जाण्याचा काळही तपासण्याजोगा आहे. लेखांत दुसरें वर्ष संपल्यावर निरोप घेतल्याचें लिहिलें आहे. वास्तविक शाळा त्यानें मार्च १९०६ मध्यें, वर्ष पुरें होण्यापूर्वींच सोडली.

निरोपाच्या वेळीं गुरूंस वाईट वाटूं नये म्हणून, आपण जीवशास्त्र शिकणार आहों असें त्यानें खोटेंच सांगितलें. फुजिनो यांनीं आपलें छायाचित्र दिलें; त्याच्या पाठीमागें वियोगाचें दुःख सुचविणारीं दोन अक्षरें लिहिलीं. लू शुन यानें पुढें त्यांस कधीं पत्र लिहिलें नाहीं. पण पेकिंगच्या आपल्या खोलींत तें छायाचित्र भिंतीवर लावलें होतें.

(७)

तोकियोंतील शेवटचीं तीन वर्षें संक्षेपानें सांगतां येतील. १९०६ च्या उन्हाळ्यांत घरच्यांच्या इच्छेनें तो मायदेशीं जाऊन विवाह करून आला, व धाकटा भाऊ चौ त्सोरेन यास बरोबर घेऊन परतला. १९०८ सालीं पांच मित्रांनीं मिळून होंगो येथें जें घर घेतलें, त्यांत त्यापूर्वीं प्रसिद्ध जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी राहत होते. त्याच वर्षीं चांग पिंगलिन या क्रांतिकारक पंडिताकडे त्यानें प्राचीन चिनी कोशाचें अध्ययन केलें. दोघां भावांनीं परदेशी कथांच्या भाषांतरांचे दोन खंड १९०९ सालीं काढले. तोकियोंत त्यांच्या वीसएकच प्रति खपल्या. त्याच वर्षीं तो चीनला परतला.

फुजिनो १९१५ सालीं सेंदाईची शाळा सोडून फुकुई प्रांतांतील आपल्या गांवीं वैद्यकी करूं लागले. लू शुन याच्या मृत्यूनंतर त्यांस शोधून विचारलें असतां त्यांनीं लिहिलें कीं, आपण विशेष कांहीं केलें नाहीं. लहानपणीं चिनी विद्या शिकलों होतों, म्हणून त्या देशाच्या माणसांस मान द्यावा असें वाटे. शिष्यानें ज्यास आयुष्यांतील मोठी कृपा मानलें, तें गुरूंच्या लेखीं रोजचें काम होतें.

(८)

एवढ्या विवेचनावरून निघणारा नियम असा. एकदांच ओलांडलेलें स्थानक, ऐकीव मृत्युस्थान, निरोपाची तारीख यांत आठवणी चुकतात. जें आठवड्यामागून आठवडा हातीं पडत होतें, तें त्या खरें सांगतात. म्हणून आठवण टाकूनही देऊं नये आणि कागदावांचून स्वीकारूंही नये. संग्राहकांस एवढीच विनंति कीं, जुन्या घरांतील पेट्या उपसतांना विद्यार्थ्यांच्या वह्या, फीच्या पावत्या, गुणपत्रकें यांस निरुपयोगी समजूं नये. आपल्याकडील आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या व १८८६ सालीं वैद्यकाची पदवी घेत्या झाल्या. त्यांचीं पत्रें राहिलीं म्हणूनच त्यांचें तेथील राहणें आपणांस त्यांच्याच शब्दांत कळतें. शाओशिंगच्या पेटींतील सहा वह्या रद्दींत गेल्या असत्या, तर फुजिनो यांची तांबडी शाई ही एका कथालेखकाची कल्पनाच ठरली असती.