चेहरा काढा, खाली नाव लिहा

आज बचतीचा हिशोब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज आपण गप्पा मारणार आहोत पेन्सिलीच्या. का, ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक आजी वारल्या. गटाच्या पहिल्या बैठकीपासून त्या आमच्यात होत्या. दहाव्याला फोटो हवा म्हणून घरात शोधाशोध झाली. सापडला तो फक्त आधार कार्डावरचा. तोच मोठा करून लावला, पण त्यात आम्हाला आमच्या आजी दिसेनात. मग त्यांच्या नातीनं चित्रकलेची वही आणली. आजी शेंगा फोडत बसलेल्या असताना तिनं पेन्सिलीनं त्यांचा चेहरा काढला होता. नाक थोडं चुकलं होतं, पण कपाळावरचं गोंदण आणि डोळ्यांतलं हसू बरोबर आलं होतं. आजींची जाऊ म्हणाली, "हीच ती." तेव्हापासून आम्ही या साध्या पेन्सिलीची माहिती गोळा करायला लागलो.

आपण हिला शिसपेन्सिल म्हणतो, पण हिच्यात शिसं नसतंच. असतं ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाच्याच कुळातला पदार्थ. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेल खोऱ्यात त्याची मोठी खाण सापडली. तिथले मेंढपाळ त्यानं मेंढ्यांवर खुणा करत, असं सांगतात. लोकांना ते शिसंच वाटलं, आणि चुकीचं नाव जगभर पसरलं.

पुढे फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं. फ्रान्सला इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना. तेव्हा निकोला काँते नावाच्या फ्रेंच माणसानं हलक्या ग्राफाइटची पूड केली, ती मातीत कालवली, तिच्या कांड्या केल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ साली त्यानं या पद्धतीचे हक्क घेतले. म्हणजे आपला कुंभार करतो तसंच काम. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी, माती कमी घातली की मऊ आणि काळी. दुकानातल्या पेन्सिलीवर एच, बी, एचबी अशी अक्षरं असतात, ती हेच सांगतात.

त्या काळी कॅमेरा नव्हता. फोटोची कला लोकांसमोर आली १८३९ साली. त्याआधी चेहरा जपायचा तर तो हातानंच काढावा लागे. तैलचित्र म्हणजे राजा-सावकाराचं काम. पैसा भरपूर हवा आणि कितीतरी वेळा समोर बसायला हवं. पेन्सिलीचं चित्र मात्र एका दिवसात होई.

अशी चित्रं काढून पोट भरणारा एक मोठा चित्रकार होता, अँग्र. हा फ्रान्सचा, पण १८०६ साली शिकायला इटलीतल्या रोम शहरात गेला आणि तिथंच राहिला. त्याचं लग्नही ऐकण्यासारखं आहे. मादलेन शापेल नावाची टोप्या करणारी एक बाई होती. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. सगळं पत्रांतून ठरलं आणि १८१३ साली ती रोमला आली. संसार सुरू झाला, आणि दोन वर्षांत नेपोलियनची सत्ता गेली. रोममधले फ्रेंच अधिकारी निघून गेले, अँग्रची मोठी कामं बंद पडली. मग रोम बघायला येणाऱ्या इंग्रज पाहुण्यांचे चेहरे तो पेन्सिलीनं काढायला लागला. घर त्यावर चाललं.

या कामाची त्याला लाज वाटे. एक किस्सा सांगतात. दारात कुणी विचारलं, पेन्सिलीची छोटी चित्रं काढणारे इथंच राहतात का? तर तो रागावून म्हणाला, इथं राहतो तो चित्रकार आहे! पण आज त्याच छोट्या चित्रांना मोठमोठ्या संग्रहालयांत मान आहे. पोटासाठी केलेलं काम कमी दर्जाचं नसतं, हे पापड लाटणाऱ्या आपल्या हातांना वेगळं सांगायला नको.

त्याची चित्रं पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. चेहरा अगदी बारकाईनं केलेला, आणि लुगडी-झगे मात्र दोन-चार रेघांत. कुठं थांबायचं हे त्याला कळत होतं. आम्ही काढायला बसलो तेव्हा नेमकं हेच अवघड गेलं. सगळ्या जणी डोळ्यांच्या पापण्यांपासून सुरुवात करत, आणि डोळे फार वर जात. खरं तर डोळे येतात डोक्याच्या बरोबर मध्यावर. आधी चेहऱ्याचा मोठा आकार, मग मधली रेघ, मग डोळे. नाकाला रेघ नसतेच, बाजूच्या सावलीनं नाक उठतं. हात घासून चित्र काळं होतं, म्हणून तळहाताखाली कागद ठेवायचा. आणि सुरकुत्या टाळायच्या नाहीत. ओळख तिथंच असते. एक मावशी म्हणाल्या, "मला तरुण काढ गं." काढलं, तर त्या दुसऱ्याच कुणी झाल्या. सगळ्या पोट धरून हसलो. पण एखादीकडं अर्धा तास टक लावून बघितलं, की रोज भेटणारी बाईही नव्यानं दिसते. हा आनंद फुकटचा आहे.

आपल्याकडं मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर तिथंच शिकले आणि तिथंच शिक्षक झाले. त्यांची मुलगी अंबिकाही तिथं शिकून चित्रकार झाली. धुरंधरांनी साध्यासुध्या बायकाही खूप काढल्या. भारतातल्या स्त्रियांवरच्या एका इंग्रजी पुस्तकात त्यांची अशी चित्रं आहेत. पण चित्राखाली लिहिलंय ती बाई कुठली, कोणत्या समाजाची, काय काम करणारी, एवढंच. चेहरा राहिला, नाव गेलं. अँग्रच्या चित्रांतल्या कितीतरी बायकाही नवऱ्याच्याच आडनावानं ओळखल्या जातात.

आजींचं चित्र आम्ही पुन्हा पाहिलं, तर त्याखालीही नाव नव्हतं. नातीला वाटलं, आजीला कोण ओळखत नाही? पण अजून पन्नास वर्षांनी कोण ओळखणार? मग तिच्याच हातानं खाली लिहून घेतलं: आजींचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव, आणि गटात आल्याचं साल.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला हिशोबाच्या वहीशेजारी एक कोरा कागद ठेवा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला उजेडात बसवा. नाक चुकलं तरी चालेल, नाव तेवढं चुकवू नका.

येतो आम्ही. नमस्कार.