बाद्‌स्तोव्हा : माणसांच्या अंगची ऊब

आइसलँडची जुनी शेतघरे दगडांची आणि गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या थरांची. जंगले सरली, सरपण दुर्मीळ झाले आणि सारे कुटुंब 'बाद्‌स्तोव्हा' या एकाच खोलीत एकवटले. नावाचा अर्थ न्हाणीघर. प्रत्यक्षात तिथे बहुधा शेकोटीही नसे! ऊब माणसांच्या अंगची. एका बिछान्यात दोघे निजत. हिवाळ्याच्या संध्याकाळी मंडळी लोकर पिंजत, कातत, विणत. एक जण मोठ्याने वाची. मुलांना अक्षरओळखही घरातच होई.

तरीही १९व्या शतकाच्या मध्यास चारांतले किमान एक अर्भक वर्षाच्या आत दगावे. दोष एकट्या थंडीचा नव्हे. पुष्कळ माता तान्ह्यांना अंगावर पाजत नसत. गाईचे दूध देत. १८७० नंतर हे मृत्यू घटत गेले. स्तनपानासाठी सुइणींनी धरलेल्या आग्रहाचा त्यात मोठा वाटा होता.