पंतोजींची शाळा आणि अपूर्णांकांचे पाढे

इंग्रजी अंमलात सरकारी शाळा सुरू होण्यापूर्वी महाराष्ट्रातील पेठांत व मोठ्या गावांत मुलांना लिहिणे, वाचणे आणि हिशेब शिकवण्याचे काम ज्या शाळांत होत असे, त्यांना पुढे 'गावठी शाळा' असे काहीसे तुच्छतेचे नाव मिळाले, आणि त्या चालवणारे पंतोजी नंतरच्या लेखनात हाती छडी घेतलेले एक विनोदी पात्र होऊन बसले. या चित्रात तथ्य नाही असे नाही, कारण तळहातावरील छड्यांपासून अंगठे धरून ओणवे उभे करण्यापर्यंत शिक्षेचे प्रकार तेथे पुष्कळ होते. परंतु शिक्षांच्या या रसभरित वर्णनांत मुले दिवसभर प्रत्यक्षात काय करीत आणि ते कशासाठी करीत, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो.

शाळेला स्वतंत्र इमारत क्वचितच असे. देवळाचा सभामंडप, एखाद्या सावकाराची ओसरी किंवा पंतोजींचे स्वतःचे घर एवढ्यावर काम भागे, आणि पंतोजींचा चरितार्थ मुलांच्या घरून मिळणाऱ्या थोड्या रोख रकमेवर, धान्यावर व सणावारी येणाऱ्या शिध्यावर चाले. इयत्ता नसत, मूल जेथपर्यंत पोहोचले असेल तेथून पुढचा धडा त्याला दिला जाई आणि पुढे गेलेली मुले मागच्यांकडून तो घोटून घेत.

अक्षरओळख धुळाक्षरांनी होई, म्हणजे लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरून तीत अक्षर रेखायचे, पाटी हलवून ते मोडायचे आणि पुन्हा रेखायचे. कागद महाग असल्याने ही सोय मुळात काटकसरीची होती, परंतु तिचा दुसरा परिणाम असा की चुकीची खूण मागे राहत नसे आणि एकच वळण शेकडो वेळा गिरवता येई. मुळाक्षरे व बाराखडी बोटांत बसल्यावर बोरू, म्हणजे तासून टोक काढलेली लेखणी, हाती येई. पंतोजींनी लिहून दिलेला नमुना, ज्याला कित्ता म्हणत, तो पुढे ठेवून मूल काजळाच्या शाईने मोडी गिरवू लागे. मोडीत आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढतात आणि मग हात शक्य तितका कमी उचलून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोरपणा तीत नाही, पण वेग आहे, आणि दफ्तरात व दुकानात गरज होती ती वेगाचीच. पोथ्यांची बाळबोध, म्हणजे देवनागरी, हे वेगळे आणि बहुतेक मुलांच्या दृष्टीने दुय्यम शिक्षण होते.

या शाळेचे खरे वैभव मात्र पाढ्यांत होते. पूर्णांकांचे पाढे झाल्यावर अपूर्णांकांचे पाढे येत: पावकी पावाची, निमकी अर्ध्याची, पाउणकी पाऊणाची, त्यानंतर सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. संध्याकाळी एका मुलाने उभे राहून सांगायचे आणि बाकीच्यांनी एका सुरात मागून म्हणायचे, या पद्धतीने सगळे पाढे ओळीने म्हटले जात. त्यालाच परवचा म्हणतात. ही निव्वळ घोकंपट्टी होती, असा आक्षेप सुधारकांनी घेतला आणि आजही घेतला जातो. तो घेताना रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि मणाचे चाळीस शेर होते, हे विसरले जाते. साडेतीन आणे शेर भावाने सात शेर माल घेणाऱ्याला औटकी पाठ असेल तर साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे, हे उत्तर बोरू न उचलता मिळे. लिहिण्याची रीतही याला धरूनच होती: एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, त्यामुळे तीनच्या आकड्यापुढे दोन रेघा ओढल्या की साडेतीन झाले. ज्या व्यवहारात सगळी मापे निम्म्या-पावाने विभागली जातात, तेथे पावकी-औटकी हे कारागिराच्या हत्यारांसारखे रोजच्या वापराचे साधन असते, आणि हत्यार चालवताना त्याची उपपत्ती कोणी विचारत नाही.

अर्थात हे साधन कोणाच्या हाती पडे, याचे उत्तर फारसे सुखद नाही. पंतोजी बहुधा ब्राह्मण, आणि मुले मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा घरांतली, क्वचित पाटलाच्या घरातली. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तेथे जागा नव्हती. गावठी शाळेचे गोडवे गाताना ही गोष्ट तळटिपेत ढकलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१८२२ मध्ये मुंबईत गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या प्रोत्साहनाने देशी भाषांतील शाळा व पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली आणि तिने छापील पुस्तके, तयार शिक्षक व नवी पद्धत यांचा आग्रह धरला. या नव्या पद्धतीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मद्रासमधील अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील देशी शाळेत मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, ती रीत उचलून तिला मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याची जोड दिली, आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. जोसेफ लँकेस्टरने अशाच पद्धतीचा तेथे मोठा प्रसार केला, आणि त्याच्या नावाने ती समुद्र ओलांडून मुंबई इलाख्यात आली, तेव्हा पंतोजींच्या शाळांना पद्धतच नाही, हे तिच्या स्वीकाराचे एक कारण सांगितले गेले.

पुढे धूळपाटीची जागा दगडी पाटीने घेतली, १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते निघाले, क्रमिक पुस्तके आली आणि इयत्ता ठरल्या. पाढे मात्र हलले नाहीत. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाविषयी निवेदन दिले, त्यातही मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे आणि हिशेब यांना अग्रस्थान आहे. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे ज्ञान व आरोग्य त्यानंतर येतात. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, ही त्यांची मागणी बहिष्काराच्या मुळावर घाव घालणारी होती. पंतोजींच्या विषयांना त्यांचा विरोध नव्हता, ते विषय कुळवाड्याच्या मुलाला मिळत नाहीत ही तक्रार होती, कारण हिशेब न येणाऱ्यालाच सावकाराच्या वहीवर डोळे मिटून अंगठा उठवावा लागे.

अपूर्णांकांचे पाढे अखेर मागे पडले ते शिक्षणशास्त्राच्या टीकेपेक्षा टांकसाळीमुळे अधिक. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून शेर-मण जाऊन टप्प्याटप्प्याने किलो आले, आणि वर्गात दशांश चिन्हाने उभ्या रेघांची जागा घेतली. मोडीही त्याच सुमारास अभ्यासक्रमातून गेली. पावकी, निमकी व दिडकी यांना पाव किलो, अर्धा लिटर, दीड मीटर असा नवा आधार मिळाल्याने त्या काही काळ तग धरून राहिल्या, अंकलिपीच्या पुस्तिकांत छापल्याही जात राहिल्या. औटकीला मात्र नव्या बाजारात गिऱ्हाईक उरले नाही.