माथेरान : पाहुण्यांचे गाव आणि रहिवाशांचे गाव

आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस माथेरानास जाऊन येतात. थंड हवा, दाट झाडी, शार्लोट तलावाचे निश्चल पाणी यांचे वर्णन त्यांच्या मुखातून आम्ही वारंवार ऐकले आहे. परंतु त्या गावाचा इतिहास मात्र थोड्यांसच ठाऊक असतो. ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो वाचकांपुढे थोडक्यात ठेवावा, असा आमचा मानस आहे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. सुमारे 2,600 फूट उंचीचा, माथ्यावर सपाट असा हा डोंगर रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे 1850 च्या मे महिन्यात फिरतीवर असता चौकच्या बाजूने येथे चढून गेले व पुढे त्यांनी येथे घर बांधिले. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांची कृपादृष्टी वळली आणि बंगले उठू लागले. मॅलेटसाहेबांनी माथेरान 'शोधून काढिले' असे बहुतेक पुस्तकांत छापलेले असते. पण ठाकूर, कातकरी व धनगर हे लोक ह्या रानाच्या आश्रयाने त्यापूर्वीच राहत होते. ज्या पाऊलवाटेने साहेब वर आले, ती काही त्यांनी पाडलेली नव्हती. तेव्हा ह्या गावाचे दोन इतिहास आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही : एक येणाऱ्यांचा, दुसरा राहणाऱ्यांचा.

येणाऱ्यांच्या इतिहासातील मानाचे पान आगगाडीचे होय. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय ह्यांनी 1904 साली काम हाती घेतले आणि 1907 साली नेरळहून वर गाडी सुरू झाली. दोन फूट रुंदीचा हा लोहमार्ग सुमारे 20 किलोमीटर वळणे घेत घेत चढतो. त्याच्या बांधणीस त्या काळी 16 लक्ष रुपये लागले. तथापि निसर्गापुढे मनुष्याचे कौशल्य तोकडे पडते, ह्याचा प्रत्ययही ह्याच मार्गावर येतो. 2005 च्या जुलैतील अतिवृष्टीने तो उद्ध्वस्त झाला व 2007 साली पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसाने तो पुन्हा खचला आणि संपूर्ण मार्गावर गाडी धावण्यास 2022 चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

पाण्याची कथा याहून उद्बोधक आहे. येथे वर्षाकाठी दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण जांभ्या दगडाच्या त्या माथ्यावर पाणी ठरत नाही; कडे ओलांडून ते खाली धावते. म्हणून ओढ्यास बांध घालून शार्लोट तलाव निर्माण करण्यात आला. पाहुण्यांस तो शोभेचा वाटतो. वस्तुतः तो पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. त्याच्या काठी ग्रामदैवत पिसरनाथाचे देऊळ आहे. आज वाढत्या वर्दळीस एकटा तलाव पुरत नाही. उल्हास नदीचे पाणी पंपांनी वर चढवावे लागते. म्हणजे पाहुण्याच्या स्नानाची प्रत्येक बादली डोंगर चढून आलेली असते!

राहणाऱ्यांच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी नाव विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल ह्यांचे आहे. 1912 साली माथेरानातच एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले. पण धनाच्या मागे न लागता कर्जत भागातील शेतकरी व आदिवासी ह्यांच्यासाठी त्यांनी शाळा काढिल्या, धान्यकोठ्या उभारिल्या. 1942 च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारास हैराण केले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हे दोघे धारातीर्थी पडले. ज्या गावी धनिक विश्रांतीसाठी येत, त्याच गावाने गरिबांसाठी विश्रांती न घेणारा हा पुत्र दिला.

मोटारगाड्या दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षातून जावयाचे, अशी येथील जुनी रीत. 2003 साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, त्यामुळे ह्या रीतीस कायद्याचे बळ मिळाले. तिच्यामुळेच जांभूळ, हिरडा व अंजन ह्यांची छाया टिकली आणि शेकरूस घर राहिले. पण हवा निर्मळ राखण्याचे मोल कोणी दिले? चढावर एकाने ओढावे, इतरांनी मागून रेटावे आणि आत पाहुण्याने बसावे, ह्या दृश्यात मनुष्याचा मान कोठे उरतो? 2022 साली विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा व त्या ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. ह्यातील पहिला भाग जितका न्याय्य, तितकाच दुसरा अवश्य आहे. ओझे उतरविताना भाकरीही हिरावली गेली, तर तो न्याय अर्धाच ठरेल.

2011 च्या शिरगणतीत माथेरानची वस्ती साडेचार हजारांच्या आतच भरली. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद राहते, वर्दळ ओसरते. तरी ही माणसे धुक्यात व पावसात तेथेच राहतात, शाळा भरवितात, आजाऱ्यांस खाली नेतात. गावाचा खरा इतिहास त्या चार महिन्यांत घडतो, असे आमचे मत आहे.

ह्यापुढे आपल्यापैकी जे तेथे जातील, त्यांनी पाणी जपून वापरावे, रानात कचरा टाकू नये, श्रमाचे दाम घासाघीस न करता द्यावे आणि ज्याने आपले ओझे वाहिले, त्याचे नाव विचारावे. पाहुणचार घेणाऱ्याचेही काही कर्तव्य असते. ते पाळील तोच खरा पाहुणा.