वर्गातली एकटी मुलगी

मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पदवीचा मजकूर छापून तयार असे. मजकूर इंग्रजीत आणि त्यातलं सर्वनाम पुरुषाचं. तीन मुली शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तेव्हा त्यांच्या कागदांवर ते सर्वनाम खोडून वर हातानं स्त्रीलिंगी सर्वनाम लिहावं लागलं. या कॉलेजची परंपरा १७९४ साली सुरू झालेल्या सर्वेक्षण शाळेपर्यंत मागे जाते. जवळपास दीडशे वर्षांत तिथे असा कागद कुणाला लागलेला नव्हता.

तिघींपैकी एक होती अय्यलसोमयाजुला ललिता. जन्म १९१९चा, लग्न पंधराव्या वर्षी. अठराव्या वर्षी नवरा गेला तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी होती. त्या काळच्या तेलुगू ब्राह्मण घरात विधवेच्या वाट्याला काय यायचं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. ललिताचे वडील पप्पू सुब्बाराव गिंडीलाच इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते आणि मुलीनं आपल्या पायावर उभं राहावं, यावर ठाम होते. ती डॉक्टर होऊ शकली असती. पण डॉक्टरला रात्री-अपरात्री बोलावणं येतं आणि लहान मूल टाकून जाता येत नाही, म्हणून तिनं इंजिनिअरिंग निवडलं. सुब्बारावांनी प्राचार्य के. सी. चाको आणि शिक्षण संचालक आर. एम. स्टॅथम यांची परवानगी मिळवली आणि १९४० साली ललिता इलेक्ट्रिकलच्या वर्गात बसली.

शेकडो मुलांत ती एकटी होती. हॉस्टेलवर राहायची आणि शनिवार-रविवारी भावाच्या घरी असलेल्या लेकीला भेटायला जायची. सुब्बारावांना लेकीचं एकटेपण दिसत होतं. आपल्या कॉलेजात आता मुलींनाही प्रवेश आहे, अशी जाहिरात त्यांनी वर्तमानपत्रात दिली. त्यातून पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघी सिव्हिलला आल्या. त्या वर्षानं मागे होत्या. पण युद्धामुळे अभ्यासक्रम आखूड झाला आणि तिघी बरोबरच बाहेर पडल्या.

पुढे ललिता यांनी जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये प्रशिक्षण घेतलं, सिमल्याच्या सेंट्रल स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशनमध्ये काम केलं आणि मग कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत बरीच वर्षं वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांचे आराखडे केले. भाक्रा-नांगलच्या विजेचं कामही त्यात होतं. १९६४ साली न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिलाही त्या गेल्या. त्रेसिया १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

मुलींच्या इंजिनिअरिंग शिक्षणाचा इतिहास सांगताना अशा एकेकटीच्या शौर्यावर थांबायची सवय आहे. ते शौर्य खरंच होतं. पण सुब्बारावांची ती जाहिरात अधिक मोलाची वाटते. एक मुलगी टिकायची तर तिच्या आसपास आणखी मुली हव्यात, हे त्या बापाला १९४० साली कळलं होतं. आपल्या कॉलेजांना ते कळायला पुढची पन्नास वर्षं लागली.

शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात १९४७ साली दोन मुली आल्या. दुसरीनं मध्येच कॉलेज सोडलं आणि इला घोष, लग्नानंतरच्या इला मजुमदार, एकट्या उरल्या. त्यांना सिव्हिलला जायचं होतं. मुलीला साइटवरची कामं झेपणार नाहीत म्हणून तो रस्ता बंद झाला आणि त्या मेकॅनिकलला गेल्या. मुलींसाठी हॉस्टेल नव्हतं. ग्रंथालयाच्या इमारतीत एका बाजूला त्यांच्या राहण्याची सोय करण्यात आली. १९५१ साली त्या पदवीधर झाल्या, ग्लासगोला प्रशिक्षण घेऊन आल्या आणि डेहराडूनच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागल्या. नंतर शिकवण्याकडे वळल्या. १९६३ साली कलकत्त्यात मुलींचं पॉलिटेक्निक निघालं, त्याच्या पहिल्या प्राचार्य त्याच होत्या. ढाक्यातलं मुलींचं पॉलिटेक्निक उभं करण्याचं कामही १९८५ साली त्यांच्याकडे आलं. वर्गात एकटी बसलेली बाई पुढे फक्त मुलींचे वर्ग उभे करत गेली, यात नवल नाही.

मुंबईत व्हीजेटीआयमधून १९५३ साली सिव्हिलची पदवी घेऊन शकुंतला भगत बाहेर पडल्या. भारतात पुलांच्या बांधणीतलं मोठं नाव असलेल्या एस. बी. जोशी यांची ही लेक. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली आणि पवईच्या आयआयटीत शिकवलं. १९७० साली पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी काढली. ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात तयार करायचे आणि जागेवर नेऊन हव्या त्या लांबीचा पूल जोडायचा, अशी त्यांची पद्धत होती. दुर्गम डोंगरात जिथे मोठी क्रेन नेता येत नाही, तिथे तिचा खरा उपयोग. पहिला पूल १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीमध्ये उभा राहिला.

ललिता यांचे वडील इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आणि शकुंतलाबाईंचे वडील पूल बांधणारे. दार आतून उघडणारं माणूस दोघींच्या घरातच होतं. ज्या मुलीच्या घरी असा बाप नाही, तिचं काय, हा प्रश्न कॉलेजांनी स्वतःला कित्येक वर्षं विचारला नाही.

सुधा मूर्ती, तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, १९६८ साली हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजात इलेक्ट्रिकलला गेल्या. त्यांचे वडील डॉक्टर होते. प्राचार्यांनी घातलेल्या तीन अटी त्यांनी अनेकदा सांगितल्या आहेत: रोज साडीच नेसायची, कॅन्टीनला जायचं नाही आणि मुलांशी बोलायचं नाही. कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. सकाळी घरातून निघालेल्या मुलीला परत घरी जाईपर्यंत थांबावं लागायचं. हा तपशील मुलाखतीत चटकन वाचून पुढे जाता येतं, पण दिवसभर पाणी न पिता प्रॅक्टिकल करणं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच माहीत. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नये’ असं वाचल्यावर त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. ती गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. हुबळीच्या स्वच्छतागृहाची गोष्ट त्याहून कमी सांगितली जाते आणि इंजिनिअरिंग शिक्षणाबद्दल ती जास्त सांगून जाते.

पुण्यात मात्र मुलींच्या सोयीच्या या प्रश्नाला हात घालणारी जागा फार आधीपासून होती. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९००च्या सुमारास तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. जागा रावबहादूर गोखल्यांनी दिलेली. सुरुवातीला एक झोपडी, आत काही विधवा मुली आणि कॉलेज करून हिंगण्यापर्यंत पायी जाणारे गणिताचे मास्तर. मुलींनी शिकावं म्हणून त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय आधी करायची, हा कर्व्यांचा क्रम होता. त्यांनी वर्गाच्या आधी छप्पर उभं केलं. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेच पुढे एसएनडीटी झालं. १९९७ साली त्या विद्यापीठानं मुंबईत जुहूच्या आवारात उषा मित्तल इन्स्टिट्यूट हे मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं.

हिंगणं त्याच्या सहा वर्षं पुढे होतं. १९९१ साली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं कर्वेनगरमध्ये, म्हणजे त्याच हिंगण्यात, मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. देशातलं अशा प्रकारचं हे पहिलं. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीनं मदत केली, म्हणून कॉलेज त्या नावानं ओळखलं जातं. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, इन्स्ट्रुमेंटेशन आणि पुढे मेकॅनिकल असा विस्तार होत गेला. अठराव्या वर्षी विधवा झालेल्या ललितासारख्या मुलींसाठी जो माळ निवडला होता, तिथेच हे कॉलेज उभं राहिलं.

फक्त मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज कशाला, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. पुढे कारखान्यात पुरुषांबरोबरच काम करायचं आहे, मग चार वर्षं वेगळं बसून काय साधणार? याचं उत्तर पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये सापडतं.

फिटिंगचा जॉब घ्या. लोखंडाच्या दोन पट्ट्या मिळतात. व्हाइसमध्ये आवळून त्या कानशीनं घासायच्या, गुण्या लावून काटकोन तपासायचा आणि उजेडासमोर धरून फट दिसते का पाहायचं. मग हॅकसॉनं खाच कापायची आणि एक पट्टी दुसरीत नेमकी बसवायची. हात भरून येतात, बोटांना फोड येतात आणि पहिला जॉब बहुतेकांचा बिघडतो. कॉलेजात येईपर्यंत बहुतेक मुलांनीही कानस हातात धरलेली नसते. तरीही मिश्र वर्गात चार जणांची बॅच पडली की मशीनवर मुलगा जातो आणि जर्नल मुलीकडे येतं. तिचं अक्षर चांगलं असतं म्हणून. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. सबमिशनची घाई असते आणि ज्याला जे येतं असं गृहीत धरलं जातं ते त्याच्याकडे जातं. चार वर्षं असंच चाललं की मुलीला गुण उत्तम मिळतात, पण लेथ चालवायची वेळ आली की हात बिचकतो.

सगळ्या बॅचमध्ये मुलीच असतील, तर लेथवर जायला दुसरं कुणीच नसतं. एप्रन पक्का बांधून, केस मागे घेऊन, ओढणी बाजूला ठेवून तिलाच चकमध्ये जॉब धरावा लागतो. बिघडला तर तिचाच आणि जमला तरी तिचाच. मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं खरं काम इथे होतं. सुरक्षिततेचा मुद्दा पालकांसाठी महत्त्वाचा होता आणि त्यामुळेच अनेक मुली तिथवर पोचल्या. पण आत आल्यावर त्यांना जे मिळालं ते सुरक्षिततेहून मोठं होतं.

दरम्यान महाराष्ट्रात आणखी एक मोठा बदल घडला होता. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. देणग्या, फी आणि शिकवण्याचा दर्जा यांवरून या कॉलेजांवर झालेली टीका रास्त होती. तरी त्यांच्यामुळे कॉलेजं जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत गेली. पुण्या-मुंबईला एकटी पाठवायची नाही म्हणून ज्या मुलींचं शिक्षण बीएस्सीला थांबलं असतं, त्यांना एसटीच्या अंतरावर कॉलेज मिळालं. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आलं. संगणकाच्या नोकऱ्या वाढल्या तशा कॉम्प्युटर आणि आयटीच्या वर्गांत मुलींच्या रांगा भरू लागल्या.

आयआयटींमध्ये मात्र गाडी अडलेलीच राहिली. २०१६ साली तिथे प्रवेश घेणाऱ्यांत मुली सुमारे आठ टक्के होत्या. कोचिंगसाठी मुलाला दूर ठेवणारी घरं मुलीसाठी तेवढा खर्च करत नव्हती आणि रँक मिळालेल्या मुलीलाही लांबचं आयआयटी सोडून गावाजवळचं कॉलेज घ्यायला सांगितलं जायचं. आयआयटी मंडीचे तेव्हाचे संचालक टिमथी गोन्साल्विस यांच्या समितीनं २०१७ साली तोडगा सुचवला: मुलींसाठी वाढीव जागा तयार करायच्या, म्हणजे मुलाची एकही जागा कमी होणार नाही. जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होणं बंधनकारकच राहिलं. २०१८ साली योजना लागू झाली. मुलींचं प्रमाण त्या वर्षी १५ टक्क्यांच्या आसपास गेलं, पुढच्या वर्षी १८च्या आणि २०२० साली २० टक्क्यांच्या आसपास. मुलींना गणिताची आवड नाही, ही सबब तीन वर्षांत मोडीत निघाली. मुली त्याच होत्या; आयआयटीनं आपला नियम बदलला होता.

देशभराचा हिशेब पाहिला तर उच्च शिक्षणाच्या २०२०-२१च्या सरकारी सर्वेक्षणात इंजिनिअरिंगच्या पदवीवर्गांत मुली सुमारे २९ टक्के होत्या. हा आकडा सगळ्या शाखांचा मिळून आहे. मेकॅनिकलच्या वर्गात डोकावलं की साठ-सत्तर मुलांत अजून तीन-चार मुलीच दिसतात आणि वर्कशॉपमधलं जर्नल बहुधा त्यांच्याकडेच असतं.

जुलै २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पूर्वी ही सवलत निम्मी होती. निर्णय मोठा आहे आणि त्याचं मनापासून स्वागत व्हायला हवं. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र त्यात येत नाही. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून पुण्याला आलेल्या मुलीच्या बापाला फीपेक्षा खोलीचं भाडं आणि डब्याचे पैसे जड जातात. निर्वाहभत्त्याच्या योजना वेगळ्या आहेत. त्यांचे अर्ज, कागदपत्रं आणि मुदती वेगळ्या, आणि पैसे खात्यात पडेपर्यंत पहिलं सत्र कसं काढायचं, हा प्रश्न तिच्यासमोर प्रवेशाच्या दिवशीच उभा असतो.