हात का थरथरतो? सर्पगंधा, ससे आणि डोपामिनची गोष्ट

समजा, एका आजोबांचा हात चहाचा कप उचलताना थरथरतो. शेजारच्या काकांचा हात मात्र मांडीवर नुसता ठेवलेला असताना थरथरतो, आणि कप उचलला की कंप कमी होतो. आपण दोघांनाही "वय झालं" म्हणून मोकळे होतो. पण हे दोन वेगळे कंप आहेत, आणि त्यांची औषधंही वेगळी. हा फरक कसा कळला आणि औषध कसं सापडलं, हा इतिहास संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

१८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावर एक छोटा निबंध छापला. सॅम्पल साइज किती? फक्त ६ रुग्ण! त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. तरीही स्थिर हाताचा कंप, पुढे झुकलेलं शरीर, चालता चालता नकळत धावत सुटणं, हे वर्णन आजही लागू पडतं. उपचार म्हणून मात्र त्यांनी मानेजवळून रक्त काढायला सुचवलं होतं. म्हणजे बघा, निरीक्षण अचूक, पण त्यामागची यंत्रणा ठाऊक नाही.

पुढे पॅरिसच्या शार्को यांनी रुग्णांचे हात स्थिर असताना आणि हालचाल करताना, असे दोन्ही वेळा तपासले. त्यावरून त्यांनी हा आजार मल्टिपल स्क्लेरोसिसपासून वेगळा काढला आणि त्याला पार्किन्सन यांचं नाव दिलं. निदान सुधारलं, पण मेंदूत नेमकं काय बिघडतं हे कळायला विसावं शतक निम्मं सरावं लागलं.

आणि इथे गोष्ट मुंबईत येते. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. जगाचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं गेलं. रक्तदाबासाठी आणि मानसिक आजारांसाठी ते वापरात आलं, आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली: काही रुग्ण पार्किन्सनच्या रुग्णांसारखे ताठर आणि मंद होत होते.

आता तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? "साइड इफेक्ट" असं लिहून पुढे गेला असता?

स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग एल-डोपा टोचलं, तर ससे थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. हे १९५७ साल. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. रेसर्पिनमुळे चेतापेशींना डोपामिन साठवता येत नाही, त्यामुळे साठा रिता होतो. सशांचं कोडं असं सुटलं.

पण माणसाचं काय? १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले. हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागात डोपामिन खूपच कमी होतं. पुढच्याच वर्षी रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शनं दिली गेली. परिणाम दिसला, पण थोडाच वेळ टिकला. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी डोपा तोंडावाटे, थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेला, तेव्हा कुठे तो रोज घेता येईल असा उपचार झाला. डोपामिनच का दिलं नाही? कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, एल-डोपा शिरतं. त्याने आजार मुळातून जात नाही, पण अनेकांचं अडलेलं चालणं-फिरणं पुन्हा सुरू झालं.

आता पुन्हा त्या दोन हातांकडे या. काकांना एल-डोपाचा उपयोग होऊ शकतो. आजोबांना इसेन्शियल ट्रेमर असेल, तर एल-डोपाने सहसा फरक पडत नाही. तिथे प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध वापरतात. म्हणून चांगला डॉक्टर आजही आधी हात मांडीवर ठेवायला सांगतो आणि नुसतं बघतो.

तुमच्या प्रयोगवहीतही उद्या एखादं नको असलेलं रीडिंग येईल. ते खोडण्याआधी शेजारी तारीख घाला, परिस्थिती लिहा, आणि प्रयोग पुन्हा करून बघा. रेसर्पिनने ताठरलेल्या रुग्णांची कुणीतरी नोंद ठेवली होती, हे विसरू नका.